अंगी लागेल तर शपथ

तोंडावर मी त्याला भावोजी म्हणते, अहो-जाहो करते. इथे करणार नाही. इथे तो समोर बसलेला नाही, आणि ताईनेही मला बजावलंय, सांगायचं तर नीट सांग, उगाच साखर घालू नकोस.

तर, आमच्या ताईचा नवरा. रंगांचं आणि पॉलिशचं दुकान आहे म्हणून सगळा भाग त्याला वार्निश म्हणतो. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माणसं कळत होती. मी या माणसाला इतकी वर्षं बघतेय, पण वरच्या चकाकीखाली काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही. बहुतेक काही नसावंच.

त्याचा बाप वेगळा होता. फर्निचरला पॉलिश करायचा. दिवसभर गुडघ्यांवर बसून चिंधीने जवसाचं तेल लाकडात जिरवायचा. बोलायचा कमी. एकदा तेल लावलं की वाट बघायचा, लाकडाला ते पिऊ द्यायचं, मग दुसरा हात. त्या कमाईतून म्हाताऱ्याने दुकान टाकलं आणि गल्ल्यावर मुलाला बसवलं. बापाला लाकडात तेल मुरवता येत होतं, मुलाने गिऱ्हाइकाला तेल लावायची कला तेवढी उचलली.

ताईला बघायला आला तेव्हाची गोष्ट. आमच्या जेवणाच्या टेबलावर हात फिरवून त्याने आमच्या वडिलांना ते कुठल्या लाकडाचं आहे ते सांगितलं. चुकीचं सांगितलं. वडिलांनी ते टेबल उभं राहून करून घेतलं होतं, फळ्या स्वतः निवडल्या होत्या. पण मुलगी द्यायची होती, म्हणून त्यांनी मान डोलावली. मी तेव्हा दाराआड उभी होते. त्या दिवसापासून माझ्या मनातून तो उतरला, तो आजतागायत वर चढलेला नाही. मी स्वतः लग्न केलं नाही. लोक कारण विचारतात. मी म्हणते, जमलं नाही.

ताई टेलिफोन खात्यात नोकरीला होती. आवाज गोड आणि खाणं दणदणीत. ताट पुसून खायची, आणि खाल्लेलं तिच्या अंगी लागायचं. गाल भरलेले, केस दाट, चालली की जिना वाजायचा. लग्नानंतर नोकरी सुटली, कारण वार्निशला दुपारचं जेवण गरम लागायचं. पुढे दुकान वाढलं तसं त्याचं दुपारचं घरी येणंच बंद झालं, दुकानातच काहीतरी खाईन म्हणाला. नोकरी मात्र परत आली नाही. एक मुलगी झाली. ती शिकली, आणि पहिली संधी मिळताच लांबच्या गावी नोकरी धरून बसली. तिलाही मी दोष देत नाही.

आता ओमेगाचं सांगते.

वार्निश सकाळी बागेत फिरायला जातो. तिथे त्याच्यासारखीच पाच-सहा माणसं जमतात. त्यांतला एक घड्याळं दुरुस्त करणारा. गरीब स्वभावाचा, डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर गेलेला. त्या घड्याळवाल्याला हृदयाचा झटका येऊन गेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, तेलकट मासे खा, अक्रोड खा, जवस खा, त्यात ओमेगा नावाची चरबी असते. ती शरीराला लागते, पण शरीराला स्वतः करता येत नाही, ती खाण्यातूनच घ्यावी लागते. घड्याळवाल्याने बाकावर बसून हे सगळं प्रामाणिकपणे सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ओमेगाचे जाणकार म्हणून वार्निशचं नाव झालं होतं. झटका आला घड्याळवाल्याला, पण त्याच्या आजाराची गोष्ट सांगायचा मानही वार्निशने काढून घेतला. घड्याळवाला काही बोलायला लागला की हा म्हणायचा, "थांबा, मी समजावतो." आणि तो थांबायचा.

याने कुठे वाचलं, कुणाचं ऐकलं, देव जाणे. इकडून एक तुकडा, तिकडून एक तुकडा, असं करत त्याने घरासाठी नियम केले. घर म्हणजे ताई. सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी मूठभर जवस गिळायचं, अख्खं, न चावता, कोमट पाण्याबरोबर. पाठोपाठ माशाच्या तेलाची गोळी. मग बराच वेळ तोंडात काही घालायचं नाही, चहासुद्धा नाही.

"वाट मोकळी पाहिजे," तो म्हणायचा. "पोटात दुसरं काही नसलं की ओमेगा थेट रक्तात."

जसं काही पोट म्हणजे रिकामा केलेला रस्ता आणि ओमेगा म्हणजे मंत्र्याची गाडी.

आणि स्वयंपाकातून तेल हद्दपार. लोणी गेलं, दुधावरची साय गेली, अंड्यातलं पिवळं गेलं. भाज्या उकडायच्या, वर मीठ भुरभुरायचं. कोशिंबिरीवर लिंबू, बस्स. मासे घरात शिजवायचे नाहीत, कारण "गोळीत सगळं आहे, उगाच वास कशाला." इतर चरबी पोटात गेली की ओमेगाला जागा मिळत नाही, असं त्याचं गणित होतं. मी एकदा जेवायला गेले होते. ताईने दुधीच्या पांढऱ्या फोडी ताटात वाढल्या. त्या फोडी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

"भावोजी, नुसतं उकडलेलं रोज खाता तुम्ही?" मी विचारलं.

"जीभ ही माणसाची वैरी आहे," तो म्हणाला, आणि दोन घास खाऊन उठला. मला वाटलं, काय हा संयम! मीसुद्धा बावळटच.

खिडकीच्या कट्ट्यावर काचेच्या नक्षीदार बाटलीत त्याने खायचं जवसाचं तेल भरून ठेवलं होतं. ऊन आलं की ते सोन्यासारखं दिसायचं. पाहुणे आले की तो बाटली उचलून दाखवायचा. आता हा माणूस जन्मभर जवसाचं तेल विकत आलाय. दुकानातल्या जुन्या कामगाराने डब्याचं झाकण अर्धवट लावलं तर त्याच्यावर खेकसतो, "हवा लागली की साय धरते, वास मारतं, कळत नाही का तुला!" दुकानातलं तेल अंधाऱ्या खोलीत, झाकण घट्ट. आणि बायकोच्या पोटात जायचं तेल उन्हात, सताड उघडं, शोभेला. ताई त्यातलं चमचाभर घ्यायची तेव्हा नाक मुरडायची. तो म्हणायचा, कडू लागतं म्हणजे अस्सल आहे.

असं किती काळ चाललं? मी पडदे शिवते, ओळखीच्यांचे कपडेही दुरुस्त करून देते, म्हणून मला ते कापडावरून सांगता येईल. ताईचे कपडे मी आधी बाजूने आत घेतले. मग पुन्हा आत घेतले. मग असे झाले की आत घ्यायला जागाच उरली नाही, शिवणीवर शिवण बसायला लागली. तिच्या टाचांना भेगा पडल्या, केस मोरीच्या जाळीत अडकू लागले. जिना तर केव्हाच वाजायचा बंद झाला होता.

"ताई, तू खातेस ना?" मी विचारायचे.

"खाते गं. पण अंगी लागत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ते जवस आहे ना, ते जसं गिळते तसंच बाहेर पडतं. दाणा न् दाणा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, रस आत राहतो आणि टरफल बाहेर येतं."

"आणि गोळी?"

"गोळीने दुपारपर्यंत माशाचे ढेकर येतात. ह्यांना विचारलं, तुम्हाला येतात का? म्हणाले, येणारच, म्हणजे आत काम चाललंय."

वार्निश मात्र तुकतुकीत. गाल गुलाबी, केसांना तजेला, साठीतही सरळ पाठ. बागेत तो स्वतःच्या दंडावर थाप मारून म्हणायचा, "माझ्याकडे बघा. पुरावा चालताबोलता आहे." लोक बघायचे. ताईला कुणी बागेत नेत नव्हतं, त्यामुळे दुसरा पुरावा कुणी बघितला नाही.

एका दुपारी ताई माझ्याकडे आली होती. मी मशीनवर बसले होते, ती पडद्याच्या कड्या ओवून देत होती. अचानक कड्यांचा डबा तिच्या हातून पडला. उजव्या बरगडीखाली हात दाबून ती वाकली. म्हणाली, पाठीत खांद्यापर्यंत कळ जातेय. चेहरा चुन्यासारखा. ओकारी झाली. मी शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि तिला दवाखान्यात नेलं.

इंजेक्शन दिलं, पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे. एक नाही, बरेच, आणि एक अडकायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, नवऱ्याला बोलवा. मी फोन लावत राहिले, वार्निश उचलेना. ताईला झोप लागली तसं परिचारिकेला सांगून मी निघाले. दुकान दवाखान्यापासून लांब नव्हतं.

दुकानात जुना कामगार एकटाच रंग ढवळत होता.

"मालक कुठेत?"

"जेवायला. समोर." त्याने काठीनेच दाखवलं.

"डबा आणत नाहीत?"

कामगाराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नुकतीच पृथ्वीवर उतरले आहे. "डबा? मालक रोज समोरच जेवतात. मी लागलो तेव्हापासून."

समोर एक खानावळ आहे. आत गेले. धूर, तळणाचा चरचराट, भिंतीला लागून चार टेबलं. कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा संयमी पुरुष पाठमोरा बसलेला. ताटात दोन अख्खे बांगडे, तेलात खरपूस तळलेले. शेजारच्या बशीत लोण्यात परतलेली अंडी, पिवळ्यासकट. वाटीत अक्रोड घातलेली कोशिंबीर. बोटं चोखत, काटे बाजूला रचत, अगदी तब्येतीत चाललं होतं. मी दोन पावलं पुढे गेले, तेवढ्यात त्याने खिशातून गोळी काढली. तीच, माशाच्या तेलाची. शेवटच्या घासाबरोबर तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायला.

मी काही बोलायच्या आत खानावळवाली म्हणाली, "शेठ, आणखी एक बांगडा टाकू?" आणि मग तिची नजर माझ्यावर गेली.

वार्निश वळला. एवढंसुद्धा दचकला नाही, हे मला सांगायला हवं. ओठ पुसले आणि म्हणाला, "अगं, तू इकडे कशी?"

"ताई दवाखान्यात आहे. आणि तुम्ही गोळी आत्ता घेताय? रिकाम्या पोटी घ्यायची ना?"

"हो, पण मला रिकाम्या पोटी ढेकर यायचे," तो म्हणाला. अगदी सहज. "जेवणाबरोबर घेतली की येत नाहीत."

"मग ताईला का नाही सांगितलं?"

तो खरंच विचारात पडला. हे तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. लपवलं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण त्याला आठवायला लागलं, की का बरं नाही सांगितलं. मग म्हणाला, "तिने विचारलं नाही."

तिने विचारलं होतं. आणि याने तिला सांगितलं होतं, आत काम चाललंय.

म्हण आहे, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आमच्याकडे ती उलटी झाली होती. हा बुवा तेलालोण्यात लोळत होता, आणि कोरडी पाषाण झाली होती माझी बहीण.

दवाखान्यात ताई जागी झाली होती. तो पलंगाजवळ गेला, तिच्या कपाळावर हात ठेवला. ताईने त्याचा हात धरला आणि नाकाजवळ नेला.

"मासे खाल्लेत," ती म्हणाली.

"दुपारी थोडंसं—"

"रोज येतो हा वास. मला इतकी वर्षं वाटायचं, दुकानातल्या तेलाचा आहे." तिने हात सोडला. ती काही रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तेवढ्यात दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ बाई आल्या. शस्त्रक्रियेआधी खाण्यापिण्याची माहिती घ्यायची होती. तरुण बाई, चष्मा, आवाज शांत. त्यांनी ताईला विचारलं, "रोज काय खाता?"

"त्यांचा आहार मी शास्त्रशुद्ध ठेवलाय," वार्निश म्हणाला. "चरबी शून्य. फक्त ओमेगा."

"मी त्यांना विचारलं."

"नाही, म्हणजे त्यांना नीट सांगता येणार नाही, त्यातलं तंत्र—"

"तुम्ही जरा त्या खुर्चीवर बसा," बाई म्हणाल्या. तो बसला. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बसवलेलं मी पाहिलं, आणि त्या दिवशी तेवढंच मला गोड लागलं.

ताईने सगळं सांगितलं. बाई ऐकत गेल्या. मग ताईला समजेल असं बोलायला लागल्या, ताईकडेच बघून. "ओमेगा ही स्वतःच एक चरबी आहे ना, ती पाण्याबरोबर अंगी लागत नाही. जेवणात थोडी चरबी आली की पित्ताची पिशवी आवळते, पित्त आतड्यात उतरतं, ते चरबीचे बारीक थेंब करतं, आणि मग ते शरीरात शिरतात. तुम्ही रिकाम्या पोटी गोळी घेऊन पुढे तासन् तास काही खात नव्हता. त्यातलं फार थोडं तुम्हाला मिळालं असेल."

"आणि जवस?"

"अख्खं जवस पोटाला फुटत नाही. ताजं दळायचं, थोडं थोडं, आणि जेवणात मिसळायचं. दळलेलं फार दिवस ठेवायचं नाही, ठेवलं तर बंद डब्यात, थंड जागी. तेल असेल तर काळोखात. ऊन आणि हवा लागली की ते खवट होतं. तापवायचंही नाही. शिवाय जवसातला ओमेगा वेगळ्या जातीचा, शरीर त्याचं थोडंच रूपांतर माशातल्यासारख्या ओमेगात करू शकतं. मासे चालत असतील तर मासेच खा. गोळीपेक्षा ताटातला मासा बरा, कारण तो आपली चरबी बरोबर घेऊन येतो."

"आणि हे खडे?" मी विचारलं. "चरबी बंद केल्यामुळे?"

"एकच कारण असतं असं मी म्हणणार नाही. पण चरबी आलीच नाही तर पिशवी आवळत नाही, पित्त आत साचून घट्ट होतं. त्यात वजन इतकं भराभर उतरलं की खड्यांचा धोका वाढतो. तुमच्या बाबतीत दोन्ही झालंय."

खुर्चीवरून आवाज आला. "पण मी वाचलं होतं की रिकाम्या पोटी—"

"कुठे?"

"वाचलं होतं."

बाईंनी हातातला कागद मिटला. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं त्यांना कारण नव्हतं, त्यांना पुढे आणखी रुग्ण बघायचे होते.

ताईची पित्ताची पिशवी काढली. शस्त्रक्रिया नीट झाली. तिला मी माझ्याकडे घेऊन आले. बाईंनी सांगितलं होतं, सुरुवातीला एका वेळी जास्त तेलतूप नको, आता पित्त पिशवीत साठणार नाही, थेंब थेंब उतरत राहणार, म्हणून थोडं थोडं, विभागून. मी तसंच केलं. सकाळी अंडं, पिवळ्यासकट. दुपारच्या भातावर चमचाभर ताजं दळलेलं जवस आणि थोडं तेल. संध्याकाळी मूठभर अक्रोड. पुढे पोटाला सोसायला लागलं तसा छोटा मासा. पहिल्यांदा मासा ताटात वाढला तेव्हा तिने काटा न् काटा चाटून ठेवला आणि मग माझ्याकडे बघून हसली, म्हणाली, "ए, डोकं तू टाकू नकोस, मी खाते." त्या वाक्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

वार्निश येत होता बघायला. फळं आणायचा. खुर्चीवर बसून घड्याळवाल्याला काय सांगितलं, बँकेतल्या कुणा माणसाला काय सुनावलं, ते ऐकवायचा. माफी? तो शब्द त्याच्या दुकानात मिळत नाही. एकदा मी रागाने विचारलंच, "भावोजी, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "तब्येत सुधारतेय, छान वाटतंय."

आणि मग त्याने जे केलं, ते सांगते. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याचं भाषण ठरलं. बागेतल्या मंडळींनी ठरवलं होतं. विषय: ओमेगा शरीरात कसा जिरवावा. ताई म्हणाली, मी जाणार. मी म्हटलं, वेडी आहेस का? ती म्हणाली, मला ऐकायचंय. म्हणून मीही गेले.

हॉल भरला होता. वार्निश इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला, घसा खाकरला, आणि बोलायला लागला. "मित्रहो, ओमेगा ही स्वतःच एक चरबी आहे. ती पाण्याबरोबर अंगी लागत नाही. जेवणात थोडी चरबी आली की पित्ताची पिशवी आवळते..." शब्दाला शब्द. अख्खं जवस फुटत नाही, ताजं दळा. तेल काळोखात ठेवा. ताटातला मासा आपली चरबी बरोबर घेऊन येतो. दवाखान्यातल्या त्या बाईंनी माझ्या बहिणीला पलंगाशी उभं राहून जे सांगितलं, ते सगळं या माणसाने खुर्चीत बसून उचललं होतं. मला वाटलं होतं घडा पालथा आहे. नव्हता. भरून घेतला होता, दुसऱ्यांना वाटून मोठेपणा मिळवायला.

"हे मी वर्षानुवर्षांच्या प्रयोगातून शोधून काढलं," तो म्हणाला. टाळ्या पडल्या. घड्याळवाल्यानेही वाजवल्या.

एका बाईने हात वर केला. "तुमच्या घरी हे किती वर्षं पाळता?"

"पहिल्यापासून," वार्निश म्हणाला.

ताई उठून उभी राहिली. टेलिफोन खात्यातला तो जुना आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला, शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट. "पहिल्यापासून हे पाळत होते. खानावळीत. मला घरी उपाशीपोटी अख्खं जवस गिळायला लावत होते. माझी पित्ताची पिशवी गेली, तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी हे सगळं सांगितलं. शोध त्यांचा आहे."

मग कुणीतरी हसलं, मग दुसरं, आणि सगळा हॉल हसला. त्यांना वाटलं, बायकोने नवऱ्याची थट्टा केली. आणि वार्निश? तोही हसला. हात जोडून म्हणाला, "बघा, घरचा आहेर!" आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. चिखल फेका, रंग फेका, काही चिकटत नाही.

रस्त्यात मी तणतणत होते. ताई म्हणाली, "ओरडू नकोस. मला बोलायचं होतं, मी बोलले. त्यांना ऐकू आलं की नाही, ते त्यांचं."

यानंतर ती परत त्याच्याकडे राहायला गेली. मी भांडले. म्हटलं, त्या माणसाकडे? ती म्हणाली, "घर माझंही आहे. आणि तू त्यांना दुष्ट समजतेस, तेवढे ते नाहीत. दुष्ट माणसाला निदान समोरचा दिसतो. ह्यांना मी दिसलेच नाही." हे ऐकून मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. ती मात्र पिशवी भरत होती.

भाषणाचा एक परिणाम असा झाला, की लोक त्याच्या दुकानात खायला जवसाचं तेल मागायला येऊ लागले. वार्निश बहुधा दुसरं भाषण द्यायला गेलेला असायचा. एक म्हातारी रिकामी बाटली घेऊन आली, तेव्हा ताई योगायोगाने दुकानात होती. जुना कामगार म्हातारीला समजावत होता, हे लाकडाचं आहे, यात सुकवायची औषधं घातलेली असतात, विष आहे. म्हातारी ऐकेना, "शेठनीच सांगितलंय जवस चांगलं." ताईने बाटली तिच्या हातून काढून घेतली, तिला खुर्ची दिली, आणि काय खायचं, कसं खायचं, नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा दुकानात गेली. तिसऱ्या दिवशीही. मालकच गल्ल्यावर सापडत नाही म्हटल्यावर कुणीतरी बसायला हवंच होतं. आता ती रोज बसते. गिऱ्हाईक तिच्याशी बोलतं, कारण ती विचारते, कुठल्या लाकडाला लावणार, घरात लहान मूल आहे का, खोलीला खिडकी आहे का. तिचे कपडे मी बाजूने सैल करून दिलेत.

वार्निशची कीर्ती वाढतेच आहे. मागच्या रविवारी माझ्याकडे दोघं जेवायला आली होती. मी मासे केले होते. तो जेवता जेवता मला समजावत होता, की माशाबरोबर थोडी पालेभाजी असली की चांगलं, आणि अमुक तेल कमी वापर, ते फार झालं तर ओमेगाच्या वाटेत येतं. बरोबर सांगत होता, आणि बरोबर सांगत होता म्हणूनच माझं डोकं उठलं. मी ताईकडे बघितलं. ती खात होती, लक्षपूर्वक, माशाच्या पाठीचा जाड भाग काट्यापासून सोडवत.

"भात संपत आलाय गं," ती मला म्हणाली. "आण थोडा."

मी उठले आणि भात आणायला गेले. तो भिंतीशी बोलत राहिला.